कोकणात राहून रहस्यकथा लिहिणं : भुतं कमी, सातबारा जास्त

सड्यावरचा

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "कोकणात राहून भयकथा लिहायच्या म्हणजे चैन आहे, दार उघडलं की विषय." तिथे उत्तर द्यायला बसलो आणि ते लांबतच गेलं, म्हणून वेगळा धागा.

मी टोपणनावाने रहस्यकथा आणि भयकथा लिहितो, अधूनमधून विज्ञानकथाही. बहुतेक दिवाळी अंकांतून, हल्ली थोडं ऑडिओसाठी. पोटापाण्याचा धंदा जमीनमोजणीचा. आधी नोकरीत भूकरमापक होतो, आता खाजगी कामं घेतो. राहायला राजापूर तालुक्यात, खाडीपासून वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. तर दार उघडलं की समोर कातळ आणि करवंदाच्या जाळ्या दिसतात. भूत अजून दिसलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर भुताने मला एकही धड कथा दिलेली नाही. ज्या काही बऱ्या जमल्या त्या सगळ्या मोजणीच्या कामातून आल्या.

एक प्रसंग सांगतो. गाव सांगत नाही. दोन चुलतभावांची मोजणी होती. एरवी हद्दीच्या भांडणात दोघेही "ही जागा माझी" म्हणून अंगावर येतात. इथे जमिनीच्या एका कोपऱ्यावरून दोघेही "ती माझी नव्हे, त्याची" असं म्हणत होते. जेमतेम अर्धा गुंठा जागा. मधे सातविणीचं झाड, बुंध्याशी शेंदूर फासलेला दगड. टेपचं टोक धरून तिथे जायला गडी तयार होईना. थोरला म्हणाला, "थंय राखणदार आसा, तुमी भायल्या भायर मोजा." राखणदार म्हणजे जागेची राखण करणारी अदृश्य शक्ती. पण बाहेरून कसं मोजणार? शेवटी मीच आत शिरलो. पाचोळा पायाने बाजूला केला तर खाली जांभ्या दगडाचं जोतं. चांगलं दोन खणी घराचं. कोपऱ्यात गुरांना पाणी पाजायची दगडी डोण, मधे भेग गेलेली. म्हणजे तिथे एक घर होतं, आणि त्या घराचा कुठल्याही कागदावर उल्लेख नव्हता. फेरफारात (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत) नाही, सातबाऱ्यावर नाही, दोघांच्या तोंडात तर नाहीच.

मग डोक्यात चक्र सुरू झालं. खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची वतनदारी, 1949 च्या कायद्याने गेली. कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 पासून कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. त्याच्या थोडं आधी एखादं कुटुंब तिथून उठलं, किंवा उठवलं गेलं, तर त्या जोत्याकडे कुणी फिरकू नये यात बऱ्याच जणांचं हित होतं. आणि कोकणात माणसांना एखाद्या जागेपासून लांब ठेवायचं तर कुंपणापेक्षा शेंदूर स्वस्त पडतो. प्रत्यक्षात तसंच घडलं का, याच्या मागे मी लागलो नाही. मोजणीदाराने नकाशा द्यावा आणि घरी जावं. पण त्या रात्री कथेचा आराखडा तयार होता.

तेव्हापासून माझा ठोकताळा असा : गावात एखाद्या जागेची भीती घालतात तेव्हा आधी त्या जागेचे जुने फेरफार काढून बघावेत.

आता लिहिण्याच्या सवयीबद्दल, कारण त्या धाग्यावर 'लिहिता कधी, कसं' हेही विचारलं होतं. पावसाळ्यात शेतात उभं राहता येत नाही, मोजण्या थांबतात. दिवाळी अंकांच्या कथा साधारण जुलै-ऑगस्टपर्यंत मागतात. म्हणजे मिरग (मृग नक्षत्र) लागला की माझा लिहायचा हंगाम सुरू. वीज नसतेच धरून चालायचं. हवेत इतका दमटपणा असतो की वहीचं पान सादळलेल्या पापडासारखं मऊ पडतं आणि शाई फुटते. म्हणून कडक शिशाच्या पेन्सिलने लिहितो, प्लेन टेबलवर (मोजणीच्या तिपाईवरच्या फळीवर) नकाशा काढायची तीच. अक्षर पसरत नाही. पहाटे उठून उजाडेपर्यंत लिहायचं, मग चहा, मग मुलीकडून टाइप करून घ्यायच्या विनवण्या.

मानधनाचा विषय मी काढत नाही. काही अंक चेक पाठवतात, काही दोन प्रती पाठवतात, एकाने फक्त पुढच्या वर्षीचं आमंत्रण पाठवलं.

इथले लिहिणारे-वाचणारे काय म्हणतात?

मिरगाचो_पाऊस

आमच्या वाडयेत देवचार, म्हणजे वाडीची राखण करणारो अदृश्य पुरुष, आसाच, ह्या आधी लिवन घेया. माझो आजो रातचो बाजारातसून येताना तेच्या नावान विडी ठेवी. तुमी मोजणीवाले सगळ्या लगतदारांका नोटीस काढतास, मग देवचाराक कित्या नाय?

सड्यावरचा

@मिरगाचो_पाऊस, काढली असती, पण बजावायला शिपाई तयार होत नाही. शिवाय पोच कोण देणार?

लाल_कौल

धागा आवडला, पण मुख्य मुद्द्याशी अर्धीच सहमत. तुम्ही राखणदाराला थेट लबाडीच्या खात्यात टाकलंत. आमच्याकडे (वेंगुर्ला तालुका) त्याची दुसरी बाजू दिसते. आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. ही श्रद्धा ज्या माणसाच्या मनात आहे त्याला रात्रीच्या काळोखाची भीती वाटत नाही, उलट कुणीतरी पहाऱ्यावर आहे असा धीर वाटतो. देवचारही वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो अशाच गोष्टी आम्ही ऐकल्या.

म्हणून शहरातून लिहिलेल्या भयकथांत देवचार गळा दाबायला येतो तेव्हा हसू येतं. लेखकाने गावात एक रात्र काढली असती तर तो देवचार घराच्या पायरीपर्यंत सोबत करताना दाखवला असता. आणि तशी कथा जास्त भीतीदायक झाली असती असं मला वाटतं. रोज सोबत करणारा एके दिवशी आला नाही तर?

सड्यावरचा

@लाल_कौल, शेवटची ओळ तुमची आहे म्हणून विचारतो, मी वापरू का? नाही म्हणालात तर ढापणार नाही.

लाल_कौल

वापरा. अंक आला की एक प्रत पाठवा. मानधनाचा दर तुम्ही सांगितलाच आहे.

कट्ट्यावरचा_पेठकर

सगळं छान आहे, पण कोकण आणि भय या जोडीचा आता कंटाळा आला आहे हे कुणीतरी बोलायला हवं. मालिकांनी जीव काढला. पडका वाडा, खिडकीतून बघणारी म्हातारी, अर्धवट डोक्याचा भाऊ, कंदील घेऊन फिरणारा गडी. प्रत्येक गावात एवढे गडी कंदील घेऊन फिरत असते तर महावितरणची गरजच नव्हती. कोकणाबाहेरच्या वाचकाला आता माड दिसला की पुढचं कळतं.

सड्यावरचा

@कट्ट्यावरचा_पेठकर, शंभर टक्के. म्हणूनच मी माड, वाडा आणि कंदील तिन्ही वापरणं सोडलं आहे. सामाईक घर मात्र सोडवत नाही. बत्तीस नावं सातबाऱ्यावर, त्यातली निम्मी माणसं वारलेली, वारसनोंद झालेली नाही. घराला एक कुलूप आणि चाव्या चार जणांकडे. गणपतीत सगळे येतात. पाच दिवस एका चुलीवर जेवतात आणि माजघरातल्या एका खोलीचं दार कुणी उघडत नाही, कारण उघडलं तर ती कुणाच्या हिश्श्याची हे ठरवावं लागेल. यात अलौकिक काही नाही, पण माझ्या सगळ्यात जास्त वाचल्या गेलेल्या कथेत एवढंच आहे.

अर्नाळ्याची_बोट

उत्तर कोकण विसरू नका लोकहो. बाबूराव अर्नाळकर! मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, टोपणनाव घेतलं ते आमच्या अर्नाळ्याचं. हजारावर रहस्यकथा लिहिल्या माणसाने. झुंजार, काळापहाड, धनंजय ही नावं माझ्या वडिलांच्या पिढीला तोंडपाठ होती. आमच्याकडे जुन्या ट्रंकेत त्यांची पुस्तकं होती, कव्हरं गेलेली, शेवटची पानं गेलेली. त्यामुळे वडिलांना कित्येक खुनी माहीतच नव्हते, ते स्वतःच ठरवायचे.

सड्यावरचा, तुम्ही वर्षाला किती लिहिता? हजाराचा वेग बघता पावसाळी हंगाम पुरेल का?

सड्यावरचा

नाही पुरणार, आणि पुरावा अशी इच्छाही नाही. पण अर्नाळकरांबद्दल एक मान्य करायला हवं. आपल्याकडे 'वाङ्मयीन' लोकांनी त्यांना फारसं मोजलं नाही. पण वाचायची सवय लावणारे लेखक वेगळे असतात, त्यांच्यावाचून बाकीच्यांना वाचक मिळत नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 सालचं. तिथे काय किंवा कुठल्याही तालुक्याच्या वाचनालयात काय, सगळ्यात मळलेली पुस्तकं बघा. समीक्षेची नक्की नसतात.

नारायण_वाचक

टोपणनावाचा विषय निघालाच आहे म्हणून. जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आद्याक्षरं उलटी केली की त्यांचीच. आपल्या नावाकडे बघून बक्षीस मिळू नये हा हेतू. पहिला क्रमांक आला. मराठी विज्ञानकथेला मिळालेला हा सगळ्यात गोड धक्का असावा.

सड्यावरचा, तुम्ही टोपणनाव का घेतलंत?

सड्यावरचा

माझा हेतू इतका थोर नाही. ज्यांच्या जमिनी मोजतो त्यांनी कथा वाचून स्वतःला ओळखू नये एवढाच. एकदा एका पक्षकाराने माझीच कथा मलाच सांगितली, वर म्हणाला, "ही आमच्या शेजाऱ्याचीच गोष्ट, लिवणाऱ्यान नाव बदलल्यान." मी मान डोलावली आणि साखळी गुंडाळत बसलो. शेजाऱ्याची नव्हती, त्याचीच होती.

गिर्ये_बंदर

विज्ञानकथा लिहिता म्हणताय आणि विजयदुर्ग नाही? हेलियमचा शोध आमच्या विजयदुर्ग किल्ल्यावरून लागला. 18 ऑगस्ट 1868, खग्रास सूर्यग्रहण, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर साहेब किल्ल्यावर दुर्बीण लावून बसला होता. त्याच्या दुर्बिणीचे चौथरे, 'साहेबाचे कट्टे', आजही आहेत. यावर कादंबरी लिहा.

वर्णपटल

@गिर्ये_बंदर, कट्टे आहेत, लॉकियरही खरा, पण तारखा एकमेकांत अडकल्या आहेत. 1868 च्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, त्याने सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट (प्रकाश रंगांत फोडून मिळणारा पट्टा) पाहिला. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्येच होता. त्याने 20 ऑक्टोबर 1868 ला तिथूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेचा वर्णपट घेतला. त्यातली पिवळी रेघ ओळखीच्या कुठल्याच मूलद्रव्याची नव्हती. त्या अनोळखी द्रव्याला पुढे हेलियम नाव पडलं. लॉकियर विजयदुर्गला आला तो 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाला. किल्ल्यात तळ ठोकला, मदतीला आरमारी जहाजावरचे खलाशी होते.

गिर्ये_बंदर

गावात लहानपणापासून 1868 च ऐकत आलोय. कट्टे मात्र आमचेच, ते कुणी गुंटूरला नेऊ शकत नाही.

सड्यावरचा

अहो, खरी तारीख तर कथेसाठी दसपट चांगली आहे! बघा ना. जवळजवळ तीस वर्षं लोक लॉकियरला विचारत होते, सूर्यावर आहे म्हणतोस ते द्रव्य पृथ्वीवर कुठे आहे? 1895 मध्ये रॅमसे या रसायनशास्त्रज्ञाने ते एका खनिजातून काढून दाखवलं. म्हणजे 1898 ला विजयदुर्गच्या बंदरात उतरतो तो ज्याचं म्हणणं खरं ठरलं असा माणूस. आता आजूबाजूला काय चाललंय? मुंबईत प्लेग. पुण्यात 22 जून 1897 ला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली, त्याला सात महिने होतायत. त्याबद्दल दामोदर चापेकर तुरुंगात, फाशी 18 एप्रिलला व्हायची आहे. अशा दिवसांत इंग्रजांचं लढाऊ जहाज खाडीच्या तोंडाशी येऊन उभं राहतं, गोरे खलाशी मराठ्यांच्या जुन्या किल्ल्यावर पेट्या चढवतात, आणि सांगतात काय, तर आम्ही सूर्य बघायला आलोय. गिर्ये, रामेश्वरच्या लोकांनी यावर विश्वास ठेवला असेल? त्यातून दिवस ग्रहणाचा. गरोदर बायका घरात, चुली विझवलेल्या, आणि साहेब उघड्यावर यंत्र लावून बसलेला.

या गर्दीत किल्ल्यावर एक माणूस असा हवा ज्याला यातलं काहीच माहीत नाही आणि ज्याच्यावर सगळे संशय घेतात. पेटी उचलणारा हमाल, समजा. ग्रहण फक्त काही क्षणांचं. तेवढ्या काळोखात काय होतं?

थांबतो. सगळं इथेच सांगितलं तर अंकाला काय पाठवू?

पायपेटी

दशावताराचा, म्हणजे जत्रेत रात्रभर चालणाऱ्या आमच्या लोकनाट्याचा, उल्लेख अजून कुणीच कसा केला नाही? मी नाटकमंडळीत पायपेटीवर (पायाने भाता मारायच्या हार्मोनियमवर) साथ करतो. आमच्याकडे छापील संहिता नसते. कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कुणी कोण व्हायचं ते ठरतं, आणि माणसं रंगमंचावर जाऊन उत्स्फूर्त बोलतात. समोर बसलेल्या पोरासोरांनाही माहीत असतं की राक्षस मरणार. तरी जत्रेत रात्रभर लोक बसून राहतात, पहाटेच्या थंडीत कानाला मफलर गुंडाळून.

तुम्हां रहस्यवाल्यांना वाटतं शेवट लपवला की वाचक थांबतो. आमचा अनुभव उलटा आहे. राक्षस मरणार हे माहीत असताना तो मरायच्या आधी नारदाशी किती वेळ वाद घालतो, त्यात काय टोमणा मारतो, गावच्या सरपंचाला कसा चिमटा काढतो, याच्यासाठी लोक थांबतात. एक नट आहे आमच्यात, दिवसा मजुरी करतो. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' म्हणतात तसा. त्याला एकदा समोरचा नट वाक्य विसरला म्हणून एकट्याने दोघांचं भांडण निभावताना बघितलंय. संवाद लिहायला शिकायचं तर त्याच्याकडे शिकावं.

सड्यावरचा

@पायपेटी, हा प्रतिसाद मी छापून भिंतीला लावणार. माझे संवाद सुधारले ते जत्रांमुळेच. विशेषतः खलनायकाचे. पुस्तकातून शिकलेला खलनायक धमक्या देतो. दशावतारातला राक्षस आधी कीर्तनकारासारखा स्वतःची बाजू मांडतो आणि अर्धा तास आपल्याला ती पटत असते.

रेवसची_लेक

थोडं वेगळं विचारायचं आहे. रामदास बोट. 17 जुलै 1947, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला यायला निघाली आणि काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेवर माणसं गेली. आमच्या आजीचा भाऊ त्यात होता. गेल्या काही वर्षांत ऑडिओवर 'रामदासचं भूत' छापाच्या गोष्टी ऐकल्या. किनाऱ्यावर ओल्या कपड्यांतली माणसं काय, हाका काय. आमच्या घरी तो दिवस अजून पाळतात. तुमच्यासारखे लेखक अशा वेळी नक्की काय विचार करतात?

सड्यावरचा

@रेवसची_लेक, मी रामदासवर लिहिलेलं नाही. एकदा सुरुवात केली होती. अडलो ते असं : कथेतल्या बुडालेल्या माणसाला परत आणलं की त्याच्याकडून वाचकाला घाबरवायचं काम करून घ्यावं लागतं. ज्याने काही वाईट केलं नाही, जो फक्त घरी यायला निघाला होता, त्याच्याकडून ते काम करून घेणं मला जमेना. त्या अपघातावर रहस्यकथा लिहायचीच तर धक्क्यावरची लिहावी. भर पावसाळ्यात बोट निघाली ती कुणाच्या हिशेबाने, कोण नको म्हणत होतं, कोण घाई करत होतं. भुताला तिथे काम नाही. आणि लिहिली तरी तारीख, नाव, बंदर सगळं बदलून. ज्यांच्या घरी दिवस पाळतात त्यांनी आपण होऊन वाचायला नको असं काहीतरी लिहून वर 'सत्यघटनेवर आधारित' म्हणून शिक्का मारणं मला पटत नाही.

इथे कुणाचं मत वेगळं असेल तर जरूर मांडा.

कट्ट्यावरचा_पेठकर

माझं वेगळं आहे. नावं बदलली की घटना विसरली जाते. रामदासबद्दल माझ्या वयाच्या किती लोकांना माहीत आहे? भंपक का होईना, त्या ऑडिओ गोष्टीमुळेच मी शोधून वाचलं. वाईट कथेनेही आठवण जिवंत राहते.

रेवसची_लेक

आठवण राहते हे खरं. पण कसली? आजीचा भाऊ आठवायचा तर तो बोटीवर काय घेऊन चढला होता ते आठवावं. तिने सांगितलं होतं, धाकट्या बहिणीसाठी छत्री. हे कुठल्याच भूतकथेत नसतं.

कट्ट्यावरचा_पेठकर

यावर माझ्याकडे उत्तर नाही.

जांभा_आणि_चिरा

विषय बदलतो, कारण एक जागा सुचवायची आहे. सड्यावरचा राजापूरचे, म्हणजे देवाचे गोठणे हे गाव माहीतच असणार. तिथल्या कातळशिल्पापाशी होकायंत्र ठेवलं की सुई भलतीकडे फिरते. माणसाची आडवी आकृती कोरलेली आहे कातळात. कोकणातली कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत, कशेळी, बारसू, उक्षी, कुडोपी वगैरे. यावर विज्ञानकथा का नाही?

सड्यावरचा

माहीत आहे, आणि मोजणीवाल्याला होकायंत्राचा असला चाळा बघून घामच फुटतो. जांभ्यात लोह असतं, त्यामुळे दगड चुंबकीय असण्यात नवल नाही. मला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. कोरणाऱ्याकडे होकायंत्र नव्हतं. मग तीच जागा का? बहुतेक योगायोग. पण 'बहुतेक' या शब्दावर विज्ञानकथा उभी राहते. अडचण एवढीच, की परग्रहवासी आणायचा मोह टाळायचा. ज्याने एवढं मोठं चित्र कातळावर उभं राहून, संपूर्ण एका नजरेत दिसत नसताना, प्रमाणात कोरलं, तो माणूस आमच्या धंद्याचा पूर्वज. त्याचं श्रेय तबकडीला द्यायला मी तयार नाही.

नवी_लेखणी

मी दापोलीची, पहिलीच भयकथा लिहिली आहे. निसर्ग वादळानंतर (जून 2020) आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती तेव्हाची. सहा हजार शब्द झालेत. दिवाळी अंकाला पाठवायची तर काय करू?

सड्यावरचा

आधी चार हजारांवर आणा. पहिली दोन पानं बहुधा वादळाचं वर्णन असेल, ती काढून बघा कथा उभी राहते का. युनिकोडमध्ये टाइप करा. एकाच वेळी दोन अंकांना पाठवू नका, संपादक एकमेकांना ओळखतात. ऑगस्टपर्यंत उत्तर नाही आलं तर एक फोन करा, दुसरा करू नका. आणि झाडं पडून घराघरांतल्या हद्दी उघड्या पडल्या तेव्हा शेजाऱ्यांत काय झालं, हे कथेत आहे का? नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्याकडे त्या वर्षीच्या मोजण्यांचे बरेच किस्से आहेत.

मिरगाचो_पाऊस

बघा, परत मोजणीरच इलो.